काका, व्हेकन्सी आहे काय? कंपनीची माहिती काढताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे औद्योगिक वसाहतीत वरच्या जागेवर असलेल्या माणसाला ओळखीतून फोन येतोच, ‘पोरगा भेटायला येतोय, कंपनीबद्दल जरा सांगा.’ पोरगा येतो, चहा येतो आणि दुसऱ्याच घोटाला, ‘काका, व्हेकन्सी आहे काय?’ झालं. इतका वेळ घरच्यासारखं बोलणारे काका एकदम एचआर होतात: ‘रेझ्युमे पाठव, बघूया.’ माहिती काढायला गेलात तर माहितीच काढा. पोरगा बरा वाटला तर रेझ्युमे ते आपणहून मागतात. नाही मागितला तर आठवड्यानं फोन करायला कोण अडवतंय? पण दम कुणाला असतो!

‘कंपनी कशी आहे?’ असं विचारलं की ‘बरी आहे’ एवढंच उत्तर येतं. मी विचारतो, काल कामावर गेल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत काय काय केलंत? हत्तरगीच्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानाचे पार्ट तपासणाऱ्याचा बराच वेळ कागदात जातो, कारण तिथं पार्टचा माग थेट कच्च्या मालापर्यंत लागावा लागतो. उद्यमबागेत दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देणाऱ्या छोट्या जॉबवर्क शॉपमध्ये क्वालिटीवालाच संध्याकाळी डिस्पॅचला उभा दिसेल. हुद्दा दोघांचा एकच.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते ऐकलेलं नावानिशी ओकणाऱ्यांमुळं. खानापूरकडच्या एका डिप्लोमावाल्याला मी ओळखीच्या फोरमनकडं पाठवलं. फोरमन मोकळा माणूस, बोलता बोलता सांगून गेला की पगार कधीकधी २० तारखेपर्यंत लांबतो. पुढं त्याच कंपनीत मुलाखत झाली. शेवटी साहेबांनी विचारलं, काही शंका? पठ्ठ्यानं फोरमनचं नाव घेऊन पगाराचं सगळं सांगून टाकलं. नोकरी मिळाली नाही ते सोडा, फोरमनला केबिनमध्ये बोलावून झापलं. त्यानंतर मी पाठवलेल्या एकाही पोराला त्यानं दारात उभं केलं नाही, आणि मला त्याचा राग येत नाही. अरे, तेच स्वतःचा प्रश्न म्हणून विचारायचं होतं: ‘सर, पगार साधारण कितव्या तारखेला होतो?’ उत्तर द्यायला साहेब किती वेळ घेतात तेवढं बघायचं. आणि काका बोलत असताना मोबाइलवर टिपणं काढू नका, माणूस तिथंच आवरतं घेतो. घरी जाऊन लिहा.

लिंक्डइनवर एकच मेसेज सगळ्यांना चिकटवू नका. आधीच्याचं नाव तसंच राहिलेले मेसेज मला आलेत.

पगाराचा आकडा काढायला सगळे धडपडतात, पण नेमणूक कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टरच्या, हे विचारायचं राहतं. कायम होणार की नाही, पगाराच्या स्लिपवर कुणाचं नाव, पीएफ कोण भरणार, सगळं तिथं अडकलेलं असतं. २० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात ‘पीएफ कापत नाहीत’ असं कानावर आलं तर आणखी एकाला विचारून खात्री करा.

एकाच माणसावर विसंबू नका. सोडून गेलेला तिखटमीठ लावतो, आत असलेला झाकतो, दोघांना भेटा.

शॉपवर सुपरवायझर कुठल्या भाषेत बोलतो तेही विचारून घ्या. कन्नड येत नसेल तर कामापुरती शिका. सीमावादावरचं भाषण मात्र काकांसमोर नको, त्यांना उद्या त्याच लाइनवर सगळ्यांबरोबर उभं राहायचंय.

आणि नाइट शिफ्ट करून आलेल्या माणसाला सकाळी १० वाजता फोन लावू नका.