गाडीत स्वस्तातला कॉम्प्युटर बसवताय? या चुका टाळा

गाडीत रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर (पुढे नुसता ‘पाय’) बसवून हात पोळलेल्या मंडळींची गाऱ्हाणी सारखीच असतात. घरी टेबलावर सगळं झकास चालत होतं. नकाशा फिरत होता, गाणी वाजत होती, टचस्क्रीन बोटाला दाद देत होती. गाडीत बसवलं आणि आठवड्याभरात तऱ्हा सुरू: कधी मध्येच बंद पडतंय, कधी सुरूच होत नाही, कधी मेमरी कार्डच गेलं. मग पठ्ठ्या बसतो ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा टाकत. सॉफ्टवेअरचा यात बहुधा काडीचाही दोष नसतो. घोडं पेंड खातं ते विजेपाशी.

बोर्डावर काही हजार, स्क्रीनवर काही हजार, आणि या दोघांना जगवणारा, १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर मात्र शंभर रुपयांच्या आतला! स्वस्तात करायचं तर पैसा कुठं वाचवायचा हे आधी ठरवा. बोर्ड जुना चालेल, स्क्रीन कुणाची वापरलेली चालेल, पेटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्रा वाकवून करून घेता येते. विजेच्या बाबतीत चिक्कूपणा नको.

आणि नुसता नकाशा नि गाणीच हवी असतील, तर हा खटाटोप करूच नका. खिशातला फोन होल्डरला लावा नि मोकळे व्हा. इंजिनचे आकडे नोंदवायचे आहेत, स्वतःचा डॅशकॅम करायचा आहे, दुधाच्या टेम्पोच्या फेऱ्यांचा हिशेब ठेवायचा आहे, किंवा हौसच आहे, अशांसाठी पुढचं.

१२ व्होल्ट हे कधीच १२ नसतात

भरलेली बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असते. इंजिन चालू असताना तीच १३.८ ते १४.४ दाखवते. सेल्फ मारला की क्षणभर ९-१० वर येते, आणि बॅटरी थकलेली असेल किंवा थंडीतली डिझेल बोलेरो असेल तर त्याहून खाली. उलट बाजूही आहे. अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरीचं टर्मिनल ढिलं होऊन सुटलं, तर लाइनवर व्होल्टेजचा जबरदस्त झटका येतो. एलएम२५९६ चिपचे जे निळे छोटे मॉड्यूल सगळीकडे मिळतात, त्या चिपची मर्यादा ४० व्होल्ट आहे आणि मॉड्यूलवरचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून धरणारा भाग) पुष्कळदा ३५ व्होल्टचाच असतो. ३ अँपिअर लिहिलेलं असतं, पण हीटसिंकशिवाय २ च्या वर सतत ओढलं की चटका बसतो. रास्पबेरी पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा पुरवठा लागतो, पाय ५ ला तर ५ अँपिअरचा. हिशेब तिथंच चुकतो.

म्हणून ६ ते ३० व्होल्ट आत घेऊन ५ व्होल्ट पक्के देणारा, राळेत बुडवून बंद केलेला, गाडीसाठीचा कन्व्हर्टर घ्या. ट्रक किंवा २४ व्होल्टची गाडी असेल तर त्याची कमाल मर्यादा ३६ च्या वर पाहा. निळं मॉड्यूलच वापरायचं असेल तर पाय जोडण्याआधी मल्टिमीटर लावून, मॉड्यूलवरचा पितळी स्क्रू फिरवून ५.१ वर आणा आणि त्या स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका. खड्ड्यांच्या रस्त्यावर तो स्क्रू हळूहळू फिरतो. एखाद्या दिवशी पायला ७ व्होल्ट मिळाले की बोर्ड संपला.

‘सेल्फ मारला की स्क्रीन जाते’ ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. यावर कुणीतरी हमखास सांगतो, ‘भावा, ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाक.’ गणित करून बघा. पाय आणि स्क्रीन मिळून १५ वॅट खात असतील तर सेकंदाला १५ ज्यूल ऊर्जा लागते. ४७०० चा कपॅसिटर १२ वरून ७ व्होल्टपर्यंत रिकामा होईस्तोवर जेमतेम ०.२२ ज्यूल देतो. म्हणजे पंधरा मिलिसेकंद. सेल्फ तर अर्धा-एक सेकंद फिरतो.

खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. सेल्फ मारताना बऱ्याच गाड्या एसीसीची लाइन (किल्ली फिरवल्यावर म्युझिक सिस्टिम वगैरेंना वीज देणारी) मुद्दाम तोडतात, म्हणजे सगळी ताकद स्टार्टरला मिळावी. म्युझिक सिस्टिम क्षणभर गप्प होते ती त्यामुळेच. तुम्ही पायची वीज त्याच लाइनवरून घेतली असेल तर कितीही महागडा कन्व्हर्टर लावा, तो विझणारच. उपाय पुढे येतो.

पातळ वायर

कन्व्हर्टर बॉनेटखाली आणि तिथून ५ व्होल्टची लांबलचक यूएसबी केबल डॅशबोर्डापर्यंत, ही मांडणी दिसली की पुढचं विचारायची गरज नसते. साध्या केबलमधल्या २८ गेजच्या तारेला मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम रोध असतो. जाण्या-येण्याचा मिळून ०.४३. त्यातून २ अँपिअर गेले की ०.८५ व्होल्ट वाटेतच जिरतात आणि पायपाशी ४.१५ पोचतात. पाय ४.६३ च्या खाली गेला की कुरकुरायला लागतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते ती हीच. स्क्रीन नसेल तर टर्मिनलमध्ये vcgencmd get_throttled ही आज्ञा चालवा. उत्तरात नुसती शून्यं असली तर सगळं ठीक, ५ डोकावला तर व्होल्टेज पडलंय किंवा मधे पडून गेलंय.

तेव्हा लांब अंतर १२ व्होल्टनं कापा, कन्व्हर्टर पायच्या शेजारी वीतभर अंतरावर ठेवा. १२ व्होल्टला एक ते दीड चौरस मिलिमीटरची वायर पुरे. फ्यूज ५ अँपिअरचा, आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ. फ्यूज कॉम्प्युटर वाचवायला नसतो, वायरला आग लागू नये म्हणून असतो. डॅशबोर्डाखाली लावला तर बॉनेटमधल्या सगळ्या वायरला फ्यूजचं संरक्षणच राहत नाही. पत्र्यातून वायर आत घेताना भोकाला रबराचा ग्रोमेट (कडं) हवाच. जोड पिळून काळी पट्टी गुंडाळू नका, उन्हाळ्यात तिचा चिकट लगदा होतो. थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी. उद्यमनगरातला कुठलाही चांगला वायरमन हे दहा मिनिटांत करून देतो, आणि त्याचं ऐकावं. आपल्याला लिनक्स येत असेल, पण गाडीचं वायरिंग त्याला जास्त कळतं.

‘सकाळी गाडी चालूच होईना’

एसीसी नको म्हणून काहीजण थेट बॅटरीवरून वीज घेतात आणि सोडून देतात. फारसं काम नसताना पाय ४ आणि सात इंची स्क्रीन मिळून साधारण ७ वॅट धरा. कन्व्हर्टरची गळती धरून बॅटरीतून ०.६५ अँपिअर जातात, म्हणजे दिवसाला १६ अँपिअर-तास. अल्टो-स्विफ्टसारख्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते ३५ ची. शनिवारी गाडी लावली नि सोमवारी धक्का मारायला शेजारी गोळा करायचे! पाय शटडाऊन करून ठेवला तरी तो थोडा करंट खातच राहतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

दुसऱ्या टोकाला, किल्ली काढली की धाडकन वीज तोडणारे. त्यांची मेमरी कार्डं जातात. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइल सिस्टिम बिघडते. रोज चार वेळा गाडी बंद करणाऱ्याच्या नशिबात ते लवकर येतं.

मांडणी अशी हवी. मुख्य वीज बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजमधून आणि एका टायमर रिलेमधून (ठरल्या वेळानं वीज तोडणारा स्विच). एसीसीची लाइन फक्त निरोप द्यायला: गाडी चालू आहे की बंद. हा निरोप पायच्या पिनला थेट देऊ नका, तिथं ३.३ व्होल्टच्या वर काहीही गेलं की पिन मेली. मधे पीसी८१७ हा ऑप्टोकपलर (वीज न जोडता उजेडानं निरोप पोचवणारा भाग) आणि त्याच्या एलईडीच्या बाजूला २.२ किलोओहमचा रेझिस्टर टाका. किल्ली काढली की पाय स्वतः शटडाऊन होतो आणि मिनिटभरानं रिले वीज पूर्ण तोडतो. सेल्फ मारताना एसीसी क्षणभर जाते, म्हणून पायला ‘पाच सेकंद सलग बंद दिसली तरच शटडाऊन कर’ असं सांगा, आणि रिलेचा टायमरही एसीसी परत आल्यावर पहिल्यापासून मोजणारा घ्या. यातला एकही भाग महाग नाही.

एवढं करून शिवाय रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममधल्या परफॉर्मन्स ऑप्शन्समधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा. मग कार्डावर काही लिहिलंच जात नाही. नोंदी नि व्हिडिओ वेगळ्या पेनड्राइव्हवर.

सगळं बसवल्यावर गाडी बंद, दारं बंद, अर्धा तास थांबून बॅटरीच्या मायनसची वायर सोडवा आणि ती वायर नि बॅटरी यांच्या मधे मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात लावून मोजा. ५० मिलिअँपिअरच्या आत आलं पाहिजे. मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

मे महिन्यातलं रंकाळ्याचं पार्किंग

बंद गाडी उन्हात उभी असली की आतलं तापमान साठीपर्यंत सहज चढतं, काचेलगतचा डॅशबोर्ड त्याहून वर. पाय ८० अंशांना स्वतःला मंद करायला लागतो. म्हणजे संध्याकाळी गाडीत बसल्यावर पहिली दहा मिनिटं तो रडतखडत चालणार. पंखा लावा, पण पायची जागा डॅशबोर्डाच्या वर कधीच नाही. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा सीटखाली. सीटखालच्या जागेचीही एक अडचण आहे: २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांच्या दारात आला, त्यांना ती सांगायला नको. शिवाय डाव्या सीटच्या पायाशी एसीच्या पाण्याची नळी तुंबली की कार्पेट भिजतं. मी ग्लोव्ह बॉक्सच्या बाजूचा.

उन्हाळ्यात खरा धोका लिथियमचा. ‘यूपीएस म्हणून पॉवर बँक लावली’ असं कुणी अभिमानानं सांगितलं की मला धडकी भरते. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा दंडक आहे, आणि गाडीत नेमकं तेच होतं. डॅशमध्ये कायमचा बसवलेला जुना टॅब्लेटही त्याच जातीचा. त्याची बॅटरी फुगून स्क्रीन उचलली जाते. वेळेसाठी लावतात ते डीएस३२३१ चं घड्याळ-मॉड्यूलही बघून घ्या. स्वस्त मॉड्यूल चार्ज होणाऱ्या सेलसाठी बनवलेलं असतं आणि वर सेल मात्र साधा सीआर२०३२ बसवलेला. चार्जिंगच्या वाटेवरचा डायोड किंवा रेझिस्टर काढून टाका. घड्याळ मात्र हवंच. पाय ४ ला स्वतःचं नाही, आणि आंबा घाटात रेंज नसताना सुरू झालेल्या डॅशकॅमच्या व्हिडिओवर भलतीच तारीख पडली तर तो पुरावा म्हणून काय कामाचा?

पेटी ॲक्रिलिकची नि दुहेरी चिकटपट्टीवर लटकवलेली नको. उन्हात पट्टी सोडते. पत्र्याची करा, रबर बुशवर बसवा. फक्त पूर्ण बंद लोखंडी पेटीत वाय-फाय नि ब्लूटूथ गुदमरतात, त्यामुळे एक बाजू प्लॅस्टिकची ठेवा.

स्पीकरमधून येणारी शिट्टी

ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी म्हणजे अल्टरनेटर, आणि तिचं मूळ बहुधा अर्थिंगमध्ये. पायचा मायनस एका ठिकाणी, म्युझिक सिस्टिमचा दुसऱ्या ठिकाणी बॉडीला असला की ऑक्सच्या, म्हणजे पायचा आवाज सिस्टिमला नेणाऱ्या वायरीतून करंट फिरतो. दोन्ही एकाच बोल्टवर आणा, रंग खरवडून. तरी राहिली तर हा करंट अडवणारा ग्राउंड लूप आयसोलेटर. शिट्टी नसून सतत खरखर असेल तर दोष पायच्या ऑडिओ जॅकचा. यूएसबीचा छोटा साउंड कार्ड लावा. पाय ५ ला जॅकच नाही, त्यामुळे तिथं प्रश्न मिटला.

कॉम्प्युटर चालू केला की आकाशवाणी कोल्हापूर खरखरतं? कन्व्हर्टरचा कपलर (वायरीचा जोड) काढून बघा. थांबलं तर तोच चोर. एरियलच्या वायरपासून दूर न्या, फेराइटचं कडं घाला. जीपीएसचंही तसंच, बोर्डाला चिकटवून ठेवलं की उपग्रह सापडत नाहीत. पण त्याची वायर काचेलगतच्या खांबातून नेताना पडद्यासारखी उघडणारी (कर्टन) एअरबॅग आहे का ते बघा. पिवळ्या कपलरला आणि पिवळ्या स्लीव्हच्या वायरीला हात लावायचा नाही, आणि डॅश उघडण्याआधी बॅटरीचा मायनस काढून काही मिनिटं थांबायचं.

ओबीडीचा डोंगल

ओबीडी म्हणजे इंजिनचे आकडे वाचायचा गाडीतला सॉकेट. त्यात लावायचा स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल गाडीशी बोलला नाही तर गाडीला दोष देऊ नका. त्यात बहुधा ईएलएम३२७ या चिपची नक्कल असते, आणि ‘२.१’ छापलेल्या नकलांना बऱ्याच आज्ञा कळतच नाहीत. ‘१.५’ ही तर मूळ ईएलएम३२७ ची आवृत्ती कधी नव्हतीच. गंमत म्हणजे त्या नावाच्या नकला पुष्कळदा बऱ्या चालतात. देशभर बीएस-४ हे गाड्यांच्या धुराचे निकष लागू झाले १ एप्रिल २०१७ ला, त्याआधीच्या गाडीत सॉकेट दिसला तरी सगळे आकडे मिळतीलच असं नाही. आणि सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला वीज कायम असते. डोंगल रात्रभर तसाच राहिला तर वर मोजलेले मिलिअँपिअर पुन्हा मोजावे लागतील.

स्क्रीन आणि रिव्हर्स

साध्या सात इंची स्क्रीनचा उजेड दुपारी कमी पडतो, त्याला तिरपी बसवणं आणि वर छोटं छप्पर करणं एवढाच स्वस्त उपाय. रात्री उलट होतं. गळीत हंगामात कागल-गडहिंग्लजच्या रस्त्यावर बिनरिफ्लेक्टरची उसाची ट्रॉली पुढे असताना डोळ्यासमोर पांढरी झगमगती स्क्रीन असणं म्हणजे संकट. हेडलाइटच्या लाइनवरून दुसरा ऑप्टोकपलर लावून उजेड आपोआप कमी करा, नकाशाही काळ्या रंगात. गाडी चालताना व्हिडिओ बंद, यावर वाद नको.

रिव्हर्स कॅमेरा मात्र या कॉम्प्युटरला जोडूच नका. पाय जागा व्हायला वीस-तीस सेकंद घेतो. तोवर तुम्ही गल्लीतून मागे येऊन कुणाच्या तरी स्कूटरला टेकलेले असता. त्याला साधी वेगळी स्क्रीन आणि रिव्हर्स लाइटवरून थेट वीज.