म्हशीवरची वीस सेकंदं

पाटण तालुक्यातल्या आमच्या शाळेतली चौथीची मुलं इंग्रजी वाचायची, पण बोलायची वेळ आली की गप्प. व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायला सांगून पाहिलं. पण फोन वडिलांबरोबर रानात. तो घरी येईपर्यंत पोर झोपलेलं.

मग माझ्याच फोनवर व्हॉइस टायपिंग लावलं. एक मुलगी 'शीप' (मेंढी) म्हणाली, पडद्यावर 'शिप' (जहाज) उमटलं. मराठी बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ 'इ'मध्ये फारसा फरक करत नाही, त्यामुळे हे होणारच. पण चूक सगळ्यांसमोर दिसल्यावर लाजरी मुलं आणखी मिटली. मला फार वाईट वाटलं, दोन दिवसांत ते बंद केलं.

उपयोगी पडला फोनमधला साधा रेकॉर्डर. नेटही लागत नाही. एकेकानं व्हरांड्यात जायचं, घरच्या म्हशीबद्दल वीस सेकंद बोलायचं, स्वतः ऐकायचं, नाही आवडलं तर पुसून पुन्हा. मी फक्त शेवटचं ऐकते. हा पुसायचा हक्कच महत्त्वाचा, असं माझं ठाम मत आहे. पाऊस असेल तर मात्र पत्र्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही. तेव्हा फोन तोंडाजवळ धरायचा.

वर्षभर न बोललेल्या मुलानं परवा सात वेळा पुसलं. आठव्यांदा स्वच्छ आवाज आला, "माय बफेलो लाइक्स रेन."