हात वर न करणाऱ्यांसाठी: वर्गचर्चेत ऑनलाइन साधनं वापरताना

नववीच्या वर्गात चर्चा घ्यायची म्हटलं की तीच चार मुलं बोलतात आणि बाकीचा वर्ग ऐकत बसतो. नव्याने शिकवायला लागलेल्यांना मी आधी हेच सांगते की ऑनलाइन साधन निवडायचं ते या बाकीच्यांसाठी. बोलक्या मुलांचं त्यावाचून काही अडत नाही.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली, मराठी माध्यमाची. मुलांना वर्गात फोन आणता येत नाही, म्हणून माझी पहिली पसंती प्लिकर्स या ॲपला. यात प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड मिळतं. कार्डाच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी. आपलं उत्तर असलेली बाजू वर येईल असं कार्ड धरायचं. शिक्षकाने आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की सगळ्यांची मतं नोंदली जातात. अक्षरं बारीक असतात आणि प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी असते, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून मत देणं अवघड जातं. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन मात्र करू नका. उजेड पडला की कॅमेऱ्याला ती वाचता येत नाहीत. साध्या कागदावर प्रिंट काढून पुठ्ठ्यावर चिकटवलेली उत्तम.

आता प्रश्न. साधनापेक्षा जास्त वेळ यावर घालवा. ‘पाणी वाचवावे का?’ असं विचारलं तर सगळे हो म्हणतात आणि चर्चा तिथेच संपते. मी विचारते, ‘मराठवाड्यात उसाच्या लागवडीवर बंदी घालावी का?’ 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ऊस वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ शेतात उभा असतो, एवढं सांगायचं आणि थांबायचं. आपलं मत कळू द्यायचं नाही.

आधी कोणाशीही न बोलता मतदान. मग उलट मत असलेल्या जोडीदाराशी बोलणं. मग पुन्हा मतदान. ही रीत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझुर यांनी 1991 पासून आपल्या वर्गात रुजवली. त्यांच्या प्रश्नांना एक बरोबर उत्तर असायचं, आपल्या प्रश्नाला ते नसतं. म्हणून दुसऱ्या मतदानानंतर मी विचारते, ‘कोणी कार्ड फिरवलं? का?’ खरी चर्चा इथून सुरू होते. वर्षभर गप्प असलेली एक मुलगी अशाच वेळी उभी राहिली आणि म्हणाली, ‘बंदी आली तर आमच्या घरच्यांना उचल कोण देणार?’ तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. बंदीच्या बाजूने हिरिरीने बोलणारी मुलंही त्यानंतर विचार करून बोलू लागली.

संगणक कक्ष मिळाला तर किआलो एज्यु ही लेखी वादचर्चेची वेबसाइट वापरून बघा. त्यात प्रत्येक मुद्दा आधीच्या एखाद्या मुद्द्याच्या बाजूने किंवा विरोधात जोडावा लागतो, म्हणजे दुसऱ्याचं वाचल्याशिवाय लिहिताच येत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. पॅडलेट, म्हणजे सगळ्यांना चिठ्ठ्या लावता येतील असा ऑनलाइन फळा, सोपं आहे, पण मजकूर शिक्षकाच्या मंजुरीनंतरच दिसेल ही सोय आधी चालू करा. निनावी लिहिता येतं म्हटल्यावर एखादा चेष्टा करतोच, आणि ती बहुधा एखाद्या गप्प मुलाचीच असते.

मुलांची नावं कुठेच भरू नका, हजेरी क्रमांक पुरतात. आपल्याकडचा 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या सगळ्यांना बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. चांगले मुद्दे वहीत उतरवून घ्या. गूगलचं जॅमबोर्ड हे ऑनलाइन फळ्याचं साधन 2024 च्या अखेरीस बंद झालं, तसं कुठलंही साधन बंद होऊ शकतं. नेट गेलं तर दोन रंगांच्या चिठ्ठ्यांवर मतदान घ्या. आणि तास असा आखा की दुसऱ्या मतदानानंतर निदान दहा मिनिटं हातात राहतील आणि तेव्हा फोन खिशात असेल.