डॅशकॅमची हार्डवायरिंग: स्क्रीन उजळली म्हणजे काम झालं असं समजू नका

पहिल्यांदा डॅशकॅम (पुढच्या काचेवरचा, रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा) हार्डवायर करणारे, म्हणजे लायटरच्या सॉकेटऐवजी थेट गाडीच्या फ्यूज बॉक्समधून त्याला वीज देणारे, बहुतेक जण एकच चाचणी घेतात. चावी फिरवली, स्क्रीन उजळली, "झालं!" म्हणाले आणि ट्रिम (आतलं प्लास्टिकचं आवरण) ठोकून बसवून टाकली. आता स्क्रीन उजळायला बारा व्होल्ट कुठूनही मिळाले तरी पुरतात. चुकीच्या फ्यूजवरून मिळाले तरी ती उजळते, अर्थिंग अर्धवट टेकलेलं असलं तरी उजळते. चूक कळते ती रात्री, गाडी बंद असताना. नाहीतर महिन्याभराने, सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो तेव्हा. मित्रमंडळींच्या ज्या गाड्या "जरा बघ ना, कॅमेरा खराब निघाला" म्हणून माझ्याकडे येतात, त्यांतल्या फारच थोड्यांत कॅमेरा खरोखर खराब असतो.

हार्डवायरिंगच्या किटमध्ये तीन वायरी असतात. एक कायम चालू पुरवठ्याची (बॅट), एक चावीबरोबर चालू-बंद होणारी (एसीसी) आणि तिसरी अर्थिंगची. मधली छोटी डबी गाडीच्या 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करते. बऱ्याच किटमध्ये पिवळी म्हणजे बॅट, लाल म्हणजे एसीसी आणि काळी म्हणजे अर्थ असते, पण रंगावर जाऊ नका, वायरीवरचं लेबल वाचा. दोन्ही वायरी चावीच्या फ्यूजवर गेल्या किंवा आपसात बदलल्या, तर गाडी बंद केल्याबरोबर कॅमेरा मरतो. दोन्ही कायम चालू फ्यूजवर गेल्या, तर कॅमेऱ्याला वाटतं गाडी चालूच आहे, आणि तो रात्रभर पूर्ण रेकॉर्डिंग करत बसतो. आणि चालत्या गाडीचं चित्रीकरण टाइमलॅप्ससारखं तुटक येत असेल, तर एसीसीच्या वायरीपर्यंत वीज पोचतच नाहीये. एवढं ठाऊक असलं तरी निम्मे फोन वाचतात.

"मोजलं ना, बारा व्होल्ट आहेत!"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता फक्त विचारतो, "कधी मोजले?"

एका मित्राच्या मेहुण्याची गाडी. तक्रार अशी, की पार्किंग मोड (गाडी बंद करून उभी असतानाचं रेकॉर्डिंग) दिवसा ठीक चालतो, पण रात्रीचं रेकॉर्डिंग गाडी लॉक केल्यावर थोड्याच वेळात संपतं. या गृहस्थांनी आधी मेमरी कार्ड बदललं. मग फर्मवेअर अपडेट केलं. मग विक्रेत्याशी भांडून कॅमेराच बदलून घेतला. नवाही तसाच वागायला लागला, तेव्हा त्यांनी तोही परत करायची तयारी केली होती. वायरिंगवर त्यांचा संशय नव्हता, कारण त्यांनी मल्टिमीटर लावून पाहिलं होतं: चावी काढलेली आणि फ्यूजवर साडेबारा व्होल्ट. मोजमाप अगदी बरोबर होतं. फक्त ते दार उघडं ठेवून, डॅशखाली वाकून घेतलेलं होतं.

हल्लीच्या गाड्यांना झोपायची सवय असते. दार लागलं, लॉक झालं, की काही वेळाने गाडीचा कंट्रोल युनिट एकेक सर्किट बंद करत जातो. आतले दिवे, काही सॉकेट, आणखी कशाकशाचे फ्यूज. हे फ्यूज चावी काढल्यावरही जिवंत दिसतात, म्हणून "कायम चालू" वाटतात. दार उघडं असेल तोवर गाडी जागी, आणि फ्यूज बॉक्स तर दार उघडल्याशिवाय दिसत नाही. सगळी गोम इथे आहे.

यावर माझा उपाय ठरलेला. दार उघडंच ठेवायचं आणि दाराच्या कडेचं लॅच स्क्रूड्रायव्हरने ढकलून बंद अवस्थेत आणायचं. लॅचचा आवाज पूर्ण आला की गाडीला वाटतं दार लागलं. मग रिमोटने लॉक करायचं, चावी गाडीपासून लांब ठेवायची, मल्टिमीटरच्या टोकांना क्लिप लावून एक फ्यूजवर आणि दुसरं बॉडीच्या धातूवर अडकवायचं, आणि बसायचं. हात न लावता. पाचव्या मिनिटाला मेहुण्यांची चुळबूळ सुरू झाली. "दाखवतंय की बारा." दहाव्या मिनिटाला त्यांनी चहाचं विचारलं. त्यानंतर थोड्या वेळाने डॅशच्या मागे रिलेचा बारीक "टक" आवाज झाला आणि मीटरवरचे साडेबारा शून्यावर आले. गृहस्थ एकदम गप्प. बॅटची वायर हॅझर्ड दिव्यांच्या फ्यूजवर नेली (तोही आधी असाच बसून मोजला), आणि बिचारा कॅमेरा निर्दोष सुटला.

एक सूचना मात्र न विसरता: दार लावण्याआधी हँडल ओढून ते लॅच पुन्हा उघडा. विसरून दार आपटलंत तर बंद लॅच चौकटीतल्या खुंटीवर आदळतं, आणि मग तो वेगळाच खर्च.

एसीसीच्या बाजूलाही याचंच उलट रूप दिसतं. काही गाड्यांत चावी काढल्यावरही म्युझिक सिस्टिमचा पुरवठा दार उघडेपर्यंत किंवा काही मिनिटं चालू राहतो. पार्किंग मोड उशिरा सुरू होतो म्हणून घाबरू नका, दार उघडून-लावून, थांबून बघा.

अर्धा तास थांबायची तयारी नसेल तर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये प्लग खुपसा आणि खूश राहा. त्यात कमीपणा काही नाही. घाईत केलेल्या हार्डवायरिंगपेक्षा ते शंभर पटींनी बरं.

फ्यूज टॅप उलटा लावणे

फ्यूज टॅप म्हणजे फ्यूजच्या जागी खोचून तिथून जादा वायर काढून देणारा जोड. त्यात दोन फ्यूज बसतात, एक गाडीचा मूळ आणि एक तुमचा. टॅप कसाही खोचला तरी कॅमेरा चालतो, म्हणून दिशेकडे कुणी बघतच नाही. बरोबर दिशेत दोन्ही फ्यूजना वीज स्वतंत्रपणे मिळते. उलट्या दिशेत कॅमेऱ्याची वीज आधी मूळ फ्यूजमधून जाते, म्हणजे त्याच्यावर जादा भार पडतो. तपासायला सोपं आहे. टॅपमध्ये फक्त आपला फ्यूज ठेवा, मूळ फ्यूजची जागा रिकामी. वीज आली तर दिशा बरोबर. नाही आली तर टॅप काढून फिरवून लावा.

आपल्या बाजूचा फ्यूज 2 किंवा 3 अँपिअरचा पुरतो. कॅमेरा 5 व्होल्टवर अगदी 2 अँपिअर ओढत असला, तरी गाडीच्या बाजूने ते एक अँपिअरच्या आतबाहेरच भरतं. "हातात 15 चा होता, लावला" असं सांगणाऱ्यांना माझं विचारणं असतं: किटची ती केसासारखी वायर 15 अँपिअर सोसेल का? फ्यूज कॅमेऱ्यासाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो.

टॅपचा आकारही जुळला पाहिजे. मिनी, लो-प्रोफाइल मिनी, मायक्रो 2 हे फ्यूजचे आकार लांबून सारखे दिसतात. रेटून बसवला तर सॉकेटचे पाते फाकतात, आणि पुढे मूळ फ्यूजच सैल बसतो. एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग, इंजिन कंट्रोल आणि इंधन पंप यांच्या फ्यूजना हात लावायचा नाही. यावर चर्चा नको.

ए-पिलरची वायर: इथे मी खरोखर चिडतो

बाकीच्या बहुतेक चुकांनी फार तर बॅटरी उतरते. ही चूक माणसाच्या तोंडावर येऊ शकते.

ज्या गाड्यांत कर्टन एअरबॅग असते, तिथे ती छताच्या कडेने घडी घालून ठेवलेली असते आणि बऱ्याचदा ए-पिलरच्या (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाच्या) ट्रिममागेही उतरलेली असते. अपघातात ती डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते. पहिल्यांदा काम करणारा माणूस काय करतो? ट्रिमची कड बोटाने जरा उचकटतो, वायर आत खुपसतो आणि खाली ओढतो. वायर बसते एअरबॅगच्या बरोबर पुढे. एअरबॅग उघडली तर तिच्या वाटेत ही वायर, आणि ती कुठे फेकली जाईल ते सांगता येत नाही.

मी ट्रिम पूर्ण काढतो. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची आणि गाडीच्या पुस्तिकेत जेवढा वेळ थांबायला सांगितलंय तेवढा थांबायचं. मिनिटभर कमी नाही. पिवळा कनेक्टर दिसला की तो एअरबॅगचा समजा आणि त्याला न छेडता पुढे जा. वायर एअरबॅगच्या मागून, कंपनीच्या मूळ वायरिंगच्या जुडग्याला धरून खाली आणा आणि जागोजागी बांधा. या ट्रिमला कधीकधी दोरीवजा धरणाऱ्या क्लिपा असतात. त्या खेचून निघत नाहीत, फिरवून किंवा दाबून सोडवाव्या लागतात, आणि काही क्लिपा एकदा काढल्या की नव्याच घालाव्या लागतात. "मी जुनीच परत ठोकली" म्हणणाऱ्याच्या गाडीत मी पुढच्या सीटवर बसत नाही.

यातलं काही जमणार नाही असं वाटलं, तर ए-पिलरपुरतं काम एखाद्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या. तो काम करत असताना शेजारी उभं राहून वायर कुठून नेतोय ते मात्र स्वतः बघा. काच पुसता पुसता कड उचकटून वायर खुपसणारे त्यांच्यातही कमी नाहीत.

कट-ऑफ 11.8 वर ठेवणे

कट-ऑफ म्हणजे बॅटरी किती व्होल्टवर आली की कॅमेऱ्याची वीज तोडायची ती मर्यादा. "रेकॉर्डिंग जास्त वेळ मिळतं" म्हणून लोक ती सर्वांत खाली ठेवतात. गाडीची लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना, गाडी उभी असताना, साधारण 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे ती जवळजवळ निम्मी रिकामी, आणि 11.8 म्हणजे तळ. स्टार्टरसाठी बनवलेल्या बॅटरीला असं वारंवार तळाशी नेलं की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. गणित करून बघा. पार्किंग मोडमध्ये कॅमेरा 0.3 अँपिअर घेतो असं धरलं, तर शुक्रवारी संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंतच्या 60 तासांत 18 अँपिअर-तास गेले. बॅटरी 45 ची असेल तर हा मोठा घास आहे, आणि वर रोजचा प्रवास दहा मिनिटांचा असेल तर अल्टरनेटर तो भरून काढत नाही. मी 12.4 लावतो. हिवाळ्यात आणि जुन्या बॅटरीवर तर नक्कीच. रात्री दोन वाजता कॅमेरा बंद पडला तर पडू दे, सकाळी गाडी सुरू व्हायला हवी.

बाकीचं थोडक्यात

अर्थिंग रंगवलेल्या बोल्टखाली नको, उघडा धातू लागला पाहिजे. सीटचा किंवा एअरबॅगचा बोल्ट तर नाहीच. ज्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर सेन्सर बसवलेला असतो, त्यांत अर्थ थेट त्या टोकाला न देता बॉडीला द्या, नाहीतर सेन्सरचा हिशेब चुकतो.

वायर सोलून, पिळून, वर काळी टेप. उन्हात तिचा डिंक वितळतो आणि टेप सुटते. बंद करा हे.

एफएमवर खरखर सुरू झाली तर डबी आणि वायर अँटेनाच्या वायरीपासून दूर न्या, वायरीवर फेराइटचा मणी (खरखर अडवणारं कडं) चढवा.

मागच्या कॅमेऱ्याची वायर डिकीच्या रबरी नळीतूनच न्यावी लागते. बाहेरून नेली की डिकी रोज तिला चावते, आणि एक दिवस मागचं चित्र लुकलुकायला लागतं.

काचेवर चिकटवण्याआधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्यावर चिकटवलेला माउंट फार दिवस टिकत नाही. वायपर जिथे पोचतो ती जागा निवडा, पण रिअर-व्ह्यू आरशामागच्या कंपनीच्या कॅमेऱ्यापुढे येऊ नका.

आणि ती डबी. ती डॅशखाली लोंबकळत ठेवू नका. दोन केबल टायने पक्की बांधा, पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांब. बांधून झाल्यावर ब्रेक आणि क्लच पूर्ण दाबून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून बघा, मगच खालचं पॅनल लावा.