कला महाविद्यालयाच्या चित्रसंग्रहाचा इतिहास शोधताय? या चुका टाळा

एका जुन्या कॉलेजातल्या चित्रांची यादी करत होतो. एका निसर्गचित्राच्या मागे कागदाची पिवळी पट्टी चिकटवलेली होती, तिच्यावर शाईने '१९५२' आणि खाली एक क्रमांक. मी चित्राचं साल १९५२ लिहून मोकळा झालो. सहा महिन्यांनी डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही, हाती आलं. १९५२ साली सगळ्या सामानाची पडताळणी झाली होती. वर 'टेबल, सागवानी', खाली 'घड्याळ, भिंतीचे' आणि मधे तोच क्रमांक, 'चित्र, फ्रेमसह, १'. चित्र मुळात कितीतरी आधीचं होतं.

चित्र रंगवलं कधी, संस्थेत आलं कधी आणि नोंदलं कधी, या तीन तारखा वेगळ्या असतात. तुमच्या तक्त्यात तिन्हींसाठी तीन रकाने करा, एखादा रिकामा राहिला तरी चालेल.

दुसरी चूक म्हणजे फक्त 'कला' किंवा 'संग्रह' असं नाव असलेल्या फायली मागवणं. कॉलेजची बरीचशी चित्रं संग्रह म्हणून आलेलीच नसतात. कुणी परीक्षेला काढलेली, कुणाला बक्षीस मिळालेली, कुणी वर्गात नमुना म्हणून टांगलेली. त्यांचा माग जडवस्तू संग्रह नोंदवहीत (म्हणजे त्याच डेड स्टॉक रजिस्टरात), निर्लेखनाच्या, म्हणजे वस्तू नोंदीतून काढून टाकण्याच्या, प्रस्तावात आणि फ्रेमवाल्याच्या बिलात लागतो. चित्र जागेवर नाही म्हणून 'चोरीला गेलं' असं लिहिण्याआधी निर्लेखनाचे आणि उसन्या दिलेल्या वस्तूंचे कागद नक्की बघा. त्या एका शब्दाने कुणाच्या तरी हयातभराच्या नोकरीवर डाग लागतो.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचंच बघा. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेली ही संस्था २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. १८७२ ते १८८५ या काळात इथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी इथल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने केलेल्या बहुतेक प्रतिकृतीही लंडनमध्येच जळाल्या होत्या, पण त्या १८६६ मध्ये, क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीला लागलेल्या आगीत. या दोन आगींची सरमिसळ मी छापील लेखांतही पाहिली आहे. 'अजिंठ्याच्या जळालेल्या प्रती' असं कुठे वाचलंत तर आधी विचारा, कुणाच्या? ग्रिफिथ्सच्या वाचलेल्या प्रती आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत, म्हणजे मुंबईच्या संस्थेतल्या कामाचा मोठा हिस्सा मुंबईत शोधून सापडणारच नाही.

मला सगळ्यात जास्त टोचते ती पुढची चूक. कागदोपत्री 'ग्रिफिथ्स यांच्या प्रती' असं दिसलं की आपण तसंच उतरवतो. ब्रश ज्यांच्या हातात होते ते पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी मागे राहतात. हजेरीपट, शिष्यवृत्तीच्या याद्या, बक्षिसांच्या नोंदी यांत ही नावं असतात. थोडा वेळ जातो, पण तो द्यावाच.

नाव सापडत नसेल तर स्पेलिंग बदलून बघा. 'जीजीभॉय'ची इंग्रजी स्पेलिंगं निरनिराळी आहेत. अजिंठ्याचं जुनं इंग्रजी स्पेलिंग 'अजुंटा' असं वाचावं लागेल असं होतं. संस्थाही कागदांत कधी नुसती 'बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट' म्हणून येते.

साल जुळत नसेल तर हिशेबी वर्ष आठवा. १८६७ च्या आधी सरकारी वर्ष १ मेला सुरू व्हायचं, नंतर १ एप्रिलला. १८७३ च्या फेब्रुवारीतला खर्च १८७२-७३ च्या अहवालात मिळेल. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात शिक्षण खात्याचा खंड मागवताना मागचं आणि पुढचं वर्षही चिठ्ठीवर लिहा. मंजुरी एका वर्षी, बिल दुसऱ्या वर्षी, असं सर्रास होतं.

आठवणींचं लिखाण गोड असतं, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका. १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून आलेल्या चित्रकार म. वि. धुरंधरांनी जे. जे.च्या आठवणी मराठीत लिहून ठेवल्या आहेत. माणसं, वर्ग, तिथलं वातावरण त्यांतून उभं राहतं. तारीख मात्र वार्षिक अहवालाशी ताडून घ्या.

आणि फोटो. परवानगी मिळाली की आपण भराभर पानं टिपतो आणि घरी गेल्यावर कुठलं पान कुठल्या खंडातलं ते कळत नाही. प्रत्येक खंडाचा पहिला फोटो त्याच्या कण्याचा काढा, वर्ष आणि क्रमांक दिसेल असा. चित्राच्या पाठीचा फोटो हवा असेल तर फ्रेम स्वतः उलटवू नका, तिथल्या माणसाला बोलवा. जुन्या पट्ट्यांचा डिंक सुकलेला असतो, बोट लागलं तरी त्या गळून पडतात.