फोनचं लॉक विसरलात? रीसेट मारण्याआधी या चुका टाळा

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. सोयाबीनची रास झाली, मोंढ्यातून पैसा हातात आला की नवे फोन विकले जातात. पुढं महिना-दीड महिन्यानं "भाऊ, फोन उघडंना गेलाय" म्हणत माणसं यायला लागतात. यातल्या बऱ्याच जणांचं काम घरबसल्या झालं असतं. दुकानात येईपर्यंत घरी, पारावर आणि शेजारच्या पोराकडून फोनवर जे प्रयोग झालेले असतात, त्यांनीच सोपं काम अवघड होऊन बसतं.

आधी बघा, विसरलात का फोनच ऐकत नाही

पिन टाकताना एक आकडा दाबला की स्क्रीनवर एक ठिपका उमटतो. चार आकडे दाबून ठिपके तीनच दिसले तर पिन तुम्हाला बरोबर आठवतोय, टच गेलाय. फोन हातातून पडल्यावर स्क्रीनची एखादी आडवी पट्टी मुकी होते. त्या पट्टीत ७, ८, ९ आले की ते आकडे लागतच नाहीत आणि माणूस स्वतःच्या डोक्याला दोष देत बसतो. अशा वेळी ओटीजी पिन (फोनच्या चार्जिंगच्या जागी बसणारा छोटा जोड) आणून कॉम्प्युटरचा साधा माऊस फोनला लावा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर बाण दिसतो आणि त्या बाणानं पिन टाकता येतो. ओला हात आणि काचेखाली हवा धरलेली टेम्पर्ड ग्लास यांनीही असंच होतं.

अक्षरांचा पासवर्ड असेल तर कीबोर्ड मराठीवर गेलाय का, पहिलं अक्षर आपोआप मोठं पडतंय का, हे बघा.

कधी कधी कुलूप फोनचं नसतं, सिमचं असतं. तिथं 'सिम पिन' असं स्पष्ट लिहिलेलं दिसतं. तो तीनदा चुकला की फोन पीयूके मागतो. हा आठ आकडी नंबर सिम कंपनीकडूनच मिळतो. अंदाजानं टाकत बसलात तर दहाव्या चुकीला सिम कायमचं बाद. हप्त्यावर घेतलेल्या फोनवर फायनान्सवाल्यांचं कुलूप पडलं असेल तर तो विषयच वेगळा, तिथं पिन आठवून उपयोग नाही.

एकामागून एक आकडे मारणं

अँड्रॉइडवर साधारण पाच चुका झाल्या की ३० सेकंद थांबायला सांगतात. चुका वाढल्या की हा वेळही वाढत जातो. आयफोनमध्ये चुकांनंतर डेटा पुसून टाकण्याची सोय कुणी चालू ठेवली असेल तर दहाव्या चुकीला सगळा डेटा जातो, आणि काही अँड्रॉइड फोनमध्येही अशी सोय असते. म्हणून दोन-तीनदा चुकलं की फोन खाली ठेवा. चहा घ्या, काम करा. रोज ज्या हातात धरता त्या हातात धरून, विचार न करता बोटं चालू द्या. पॅटर्न डोक्यापेक्षा बोटाला जास्त लक्षात असतो. आणि आठवायच्या आधी काच पुसू नका. फोन उन्हात तिरका धरला तर बोटाच्या तेलकट रेघा दिसतात.

एक गोष्ट मी प्रत्येक आई-बापाला सांगतो. लेकरानं लॉक बदललं असेल तर त्याच्यावर ओरडू नका. नवं लॉक लावायला जुनं द्यावं लागतं, म्हणजे ज्यानं बदललं त्याला जुनं माहीत होतं आणि नवंही त्यानंच ठरवलंय. ओरडलं की लेकरू "मी नाही केलं" म्हणतं, आणि तुमची सगळ्यात सोपी किल्ली तिथंच हरवते. जवळ घ्या, फोन हातात द्या, खेळता खेळता उघडू द्या.

अंगठा चालत असताना फोन बंद करून चालू करणं

सगळ्यात जास्त नुकसान मी या चुकीनं झालेलं पाहिलं आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

मानवतकडच्या एक मावशी कापूस वेचून थेट दुकानात आल्या होत्या. रोज अंगठ्यानंच फोन उघडायचा म्हणून पिन साफ विसरलेला. त्यात बोंडाच्या टोकांनी बोटं इतकी चरबरलेली की अंगठाही लागेना. "रेशनच्या मशीनवरबी असंच होतंय बघ," म्हणाल्या. सोबतचा भाचा पॉवरच्या बटणावर बोट ठेवून उभा, "मामा, बंद करून चालू करू का?" मी त्याचा हात धरला. फोन एकदा बंद होऊन चालू झाला की अंगठा, चेहरा काहीही चालत नाही, पहिल्यांदा पिनच टाकावा लागतो. कारण आतल्या डेटाची किल्ली पिनशी बांधलेली असते, अंगठ्याशी नाही.

कोमट पाणी आणलं. मावशींनी हात साबणानं धुतले, कोरडे केले, अंगठ्याला खोबरेल तेलाचा थेंब चोळून फडक्यानं पुसून घेतला. पहिल्यांदा नाही लागला. सारखं दाबत राहिलं असतं तर फोननं अंगठा घेणंच बंद करून पिन मागितला असता, म्हणून जरा वेळ जाऊ दिला. दुसऱ्या वेळी उघडला.

इथं खरी घाई करायची असते. अँड्रॉइड फोन शेवटचा पिन टाकल्यापासून ७२ तासांच्या आत पुन्हा पिन मागतोच. तुम्ही कधी विसरलात तेव्हापासून हे घड्याळ चालत नाही, शेवटचा पिन टाकला तेव्हापासून चालतं. त्यामुळं हातात दोन दिवस असतील किंवा अर्धा तास. फोन उघडला की चार्जरला लावा म्हणजे तो बंद पडणार नाही, स्क्रीन बंद होण्याचा वेळ वाढवा, आणि या क्रमानं चला. सेटिंगमध्ये कोणता जीमेल लावलाय तो कागदावर उतरवा. त्या जीमेलचा पासवर्ड माहीत नसेल तर याच फोनवरून रिकव्हरी करा, म्हणजे पासवर्ड परत मिळवा, कारण "हे तुम्हीच आहात का?" हा गुगलचा प्रश्न याच फोनवर येतो आणि 'हो' इथंच दाबता येतं. व्हॉट्सॲपच्या चॅट्समध्ये जाऊन बॅकअप घ्या. फोटो आणि नंबर त्याच जीमेलवर चढले का ते बघा. पिन बदलता येणार नाही, त्याला जुना पिन लागतो. पण आतलं सगळं सुखरूप बाहेर येतं, आणि मग रीसेटची, म्हणजे फोन पुसून कोरा करण्याची, भीती उरत नाही.

मावशींच्या फोनमध्ये नातवाच्या बारशाचे फोटो होते. ते चढेपर्यंत त्या काउंटरसमोरच्या स्टुलावर तासभर बसून राहिल्या.

जीमेल माहीत नसताना रीसेट मारणं

पॉवर आणि आवाजाचं बटण धरून फोनच्या 'रिकव्हरी मोड'मध्ये जायचं आणि सगळं पुसून टाकायचं, हे आता शाळेतल्या पोरांनाही येतं. पुढचं कुणी सांगत नाही. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ५.१ पासून, असं बाहेरून रीसेट केलं की फोन आधी लावलेला जीमेल आणि त्याचा पासवर्ड मागतो. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून ही व्यवस्था आहे, पण फोनला मालक आणि चोर यातला फरक कळत नाही.

आपल्याकडं अडचण अशी की फोन घेताना जीमेल दुकानदारच काढून देतो. पासवर्ड त्यानं टाकलेला, लिहून कुणीच ठेवलेला नसतो. दुकान नवीन होतं तेव्हा बचत गटाच्या एक ताई आल्या. "काहीही करा, पण चालू करून द्या," म्हणाल्या. मी जीमेल न विचारता रीसेट मारला. गटाच्या नोंदवहीच्या पानांचे फोटो त्यात होते, ते गेले. वर फोन जीमेल मागत उभा राहिला, आणि ताई म्हणाल्या, "जीमेल? ते तर दुकानवाल्यानं टाकलं होतं." नऊ दिवस तो फोन माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता. ताई रोज चक्कर मारायच्या. तेव्हापासून माझ्याकडं पहिला प्रश्न जीमेलचा असतो.

जीमेल आठवत नसेल तर दुसऱ्या फोनवर गुगलच्या साइन-इन पानावर 'ईमेल विसरलात?' दाबा. मोबाईल नंबर आणि पूर्ण नाव टाकलं की त्या नंबरचं अकाउंट सापडतं. कोड लॉक झालेल्या फोनवर येणार म्हणून घाबरू नका. फोन लॉक असला तरी येणारा कॉल उचलता येतो, म्हणून कोड कॉलवर सांगण्याचा पर्याय दिसला तर तो घ्या. मेसेजचा मजकूर लॉक स्क्रीनवर दिसत असेल तर तेवढ्यानंही भागतं. नाहीतर सिम काढून साध्या फोनमध्ये घाला. मात्र अंगठा चालत असेल तर वर सांगितलेलं सगळं उरकल्यावरच सिमला हात लावा.

जीमेलच्या रिकव्हरीत पासवर्ड बदललात तर लगेच रीसेट करू नका. २४ तास थांबायला खुद्द गुगल सांगतं.

पासवर्ड हातात आला की दुसऱ्या फोनवरून त्याच जीमेलनं फोटो आणि कॉन्टॅक्ट उघडून बघा, काय चढलंय आणि काय नाही. फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर बाहेर काढा. साधं लावलेलं असेल तर त्यातले फोटो दुसरीकडं उघडतात, फोनच्या मेमरीत मिसळून लावलेलं असेल तर उघडत नाहीत. दुकानातल्या कॉम्प्युटरला व्हॉट्सॲप जोडलेलं असेल तर मेसेज तिथं दिसतात, पण फोन १४ दिवस वापरला नाही तर ती जोडणीही तुटते. हे झाल्यावर रीसेट. गुगलच्या 'फाइंड हब' या फोन शोधायच्या सोयीवरून लांबूनही पुसता येतं, मात्र फोन चालू आणि नेटवर हवा. सिम काढून घेतलं आणि घरात वायफाय नसेल तर तो आदेश फोनपर्यंत पोहोचतच नाही.

"डेटा ठेवून उघडून देतो" यावर विश्वास

अँड्रॉइड १० पासून बाजारात आलेल्या नव्या फोनमधला डेटा पिनच्या आधारानं कुलूपबंद असतो. पिनशिवाय तो मला वाचता येत नाही, शहरातल्या मोठ्या दुकानालाही येत नाही. काही सॅमसंग फोनमध्ये लांबून उघडायची सोय आहे, पण ती आधीच चालू करून ठेवलेली असावी लागते. 'पॅटर्न विसरलात?' दाबून जीमेलनं उघडायची जुनी सोय अँड्रॉइड ४.४ पर्यंतच होती. इमर्जन्सी कॉलवर टाकायचे 'सिक्रेट कोड' दाखवणारे व्हिडिओ वेळ खातात. फुकटचं अनलॉक सॉफ्टवेअर तुमचा कॉम्प्युटरही बिघडवू शकतं.

त्याहून वाईट म्हणजे कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधणं. वर येणारा नंबर खरा असेलच असं नाही. समोरचा माणूस तुमच्या दुसऱ्या फोनवर, त्याला तुमची स्क्रीन दिसेल असं ॲप टाकायला लावतो आणि ओटीपी मागतो. असं झालं असेल तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा आमच्यासारख्यांकडं येताना बिल आणि खोकं घेऊन या. खोक्यावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, असतो, फोन तुमचाच असल्याचा तो पुरावा. जो दुकानदार हे काही न विचारता फोन हातात घेतो, त्याच्याकडं मी माझा फोन देणार नाही.

आयफोन आमच्याकडं कमी येतात, म्हणून थोडक्यात. पासकोड कालपरवाच बदलला असेल तर आयओएस १७ पासून ७२ तासांपर्यंत जुना पासकोड टाकून नवा लावता येतो. ती मुदत गेली तर लॉक स्क्रीनवरूनच फोन पुसता येतो, त्याला नेट आणि ॲपल अकाउंटचा पासवर्ड लागतो.

फोन उघडल्यावरची चूक

रीसेट झालेला फोन हातात आल्याच्या आनंदात लोक नवा जीमेल काढतात आणि व्हॉट्सॲपनं 'बॅकअप परत आणू का?' विचारलं की 'नको' दाबून पुढं जातात. तोच जुना जीमेल लावा, तोच नंबर टाका, आणि वायफायजवळ बसून बॅकअप पूर्ण येऊ द्या. चुकून 'नको' दाबलं असेल तर व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाका, तो प्रश्न परत येतो. नवा पिन ठरवला की पहिले आठ-दहा दिवस अंगठा न वापरता पिननंच फोन उघडा.

बचत गटाच्या त्या ताईंनी फोनच्या खोक्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवलाय. त्यावर फक्त जीमेल लिहिलाय. पासवर्ड गटाच्या वहीत आहे, आणि वही दुसऱ्या घरी.