पाळीच्या त्रासासाठी गोळ्या चालू केल्यात? या चुका टाळा

पाळीत धो धो अंगावरून जातं, ओटीपोटात कळा, दर महिन्याला दोन दिवस अंथरुणात, म्हणून डॉक्टर गर्भनिरोधक गोळ्या देतात आणि मग दोन आठवड्यांनी जरा डाग दिसले की "मला सूट होत नाहीयेत" म्हणून पाकीट ड्रॉवरमध्ये! अगं थांब जरा. सुरुवातीचे तीनेक महिने असं मधेच स्पॉटिंग होतं, खूप जणींना होतं, आणि घाबरून गोळी सोडली की ब्लीडिंग उलट वाढतं.

दुसरी चूक मी स्वतः केलीये. 28 च्या पाकिटात साधारण 21 गोळ्या हार्मोनच्या आणि शेवटच्या 7 रिकाम्या असतात (काहींत 24 आणि 4). मला पाळीच नको होती म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं, रिकाम्या सोड आणि सरळ नवं पाकीट सुरू कर. तोवर माझ्या रिकाम्या गोळ्या पांढऱ्या असायच्या, नव्या ब्रँडमध्ये नेमकं उलटं, मी रंग बघूनच खात गेले आणि आठवडाभर रिकाम्याच गिळल्या. मग काय, धो धो! त्यामुळे रंगावर जाऊ नका, पाकिटातला कागद वाचा.

आणि "पाळी नाही आली तर घाण आत साठते" हे डोक्यातून काढाच. रिकाम्या गोळ्यांच्या दिवसांत येते ती खरी पाळी नसतेच, हार्मोन बंद झालं म्हणून येणारं ब्लीडिंग असतं ते. गोळीने गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं, मग साठणार काय?

एक गोळी विसरलात तर आठवल्या आठवल्या घ्या, पुढची नेहमीच्या वेळेला, एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त चुकल्या तर फक्त शेवटची चुकलेली घ्यायची, आधीच्या सोडून द्यायच्या आणि 7 दिवस कंडोम वापरायचा. गोळी घेतल्यावर 3 तासांत उलटी झाली तर अजून एक घ्या. आणि रोज एकच वेळ ठेवा हो, स्पॉटिंगचं निम्मं कारण तिथेच सापडतं.

पाळी पुढे ढकलायची गोळी वेगळी असते बरं का, नॉरएथिस्टेरॉनची, तिच्यावर गर्भनिरोधक म्हणून विसंबू नका.

डॉक्टरांपासून लपवू नका: डोळ्यांपुढे चमकून येणारं मायग्रेन, बीपी, पस्तिशीनंतरचं स्मोकिंग, आधी कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर ती, टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सच्या गोळ्या. साध्या अँटिबायोटिक्सने मात्र काही बिघडत नाही, उगाच गोळी बंद करू नका.

एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं, दम लागला किंवा अचानक भयंकर डोकं दुखलं तर मात्र वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सीत जा आणि गोळ्या चालू आहेत हे आधी सांगा.